एक्स-रे बघून मशीनला काय कळतं, आणि काय कळत नाही

(या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

हेडफोन लावून बसमध्ये असाल, किंवा रात्री दिवा बंद करून मोबाईल छातीवर ठेवून ऐकत असाल, तर आजचा विषय नेमका तिथलाच आहे. छातीचा. म्हणजे छातीच्या एक्स-रेचा, आणि तो वाचणाऱ्या कॉम्प्युटरचा.

हा विषय डोक्यात आला एका व्हॉइस नोटमुळे. मराठवाड्यातल्या एका श्रोत्यानं पाठवली होती. त्याचे वडील पिठाच्या गिरणीवर काम करतात. तीन आठवडे खोकला. तालुक्याला जाऊन एक्स-रे काढला. तिथं सांगितलं, डॉक्टर परवा येतील, तेव्हा दाखवा. हा पोरगा आपल्यासारखाच, दम कुठे निघतोय! त्यानं फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, मोबाईलनं फोटो काढला आणि एका ॲपमध्ये टाकला. दहा सेकंदांत उत्तर आलं: विशेष दोष दिसत नाही. वडील म्हणाले, “बघ, मशीन म्हणतंय काही नाही.” आणि दुसऱ्या दिवशी गिरणीवर हजर. डॉक्टरकडे जाणं राहिलं ते राहिलंच.

त्याचा प्रश्न एका ओळीचा होता. “दादा, मशीनवर विश्वास ठेवू का?”

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण हे मशीन आतून कसं चालतं, ते कशावर शिकलंय आणि कुठे फसतं, एवढं मी सांगू शकतो. आणि ते कळलं की या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी आपोआप मिळतं.

आधी एक्स-रे म्हणजे काय ते बघू

8 नोव्हेंबर 1895. जर्मनीतल्या वुर्झबर्ग गावात विल्हेल्म राँटगेन नावाच्या प्राध्यापकाला प्रयोग करताना एक अनोळखी किरण सापडला. अनोळखी म्हणून त्याला नाव दिलं ‘एक्स’. त्यानं आपल्या बायकोच्या हाताचं चित्र काढलं, त्यात बोटांची हाडं आणि अंगठी दिसली. 1901 मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यालाच मिळालं.

एक्स-रे म्हणजे सावली. दिव्यासमोर हात धरला की भिंतीवर सावली पडते ना, तसंच. फुप्फुसात हवा असते, किरण सहज आरपार जातात, म्हणून तो भाग काळा. हाडं किरण अडवतात, म्हणून बरगड्या पांढऱ्या. हृदय मधे, पांढरट. आता जिथे काळं असायला पाहिजे तिथे पांढरा डाग दिसला, तर काहीतरी गडबड. न्यूमोनियात फुप्फुसाचा एखादा भाग पू आणि पाण्यानं भरतो, तिथे पांढरट ढग दिसतो. टीबी मोठ्या माणसांत बऱ्याचदा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतो, कधी कधी तिथे पोकळी झालेली असते. छातीत पाणी झालं तर खालचा टोकदार कोपरा बुजून जातो.

ऐकायला सोपं वाटतं. पण ही सगळी सावली एकावर एक पडलेली असते. बरगडीमागे डाग लपतो, हृदयामागे लपतो. म्हणून एक्स-रे वाचायला रेडिओलॉजिस्ट लागतो, आणि तो तालुक्याला रोज बसलेला नसतो. मशीन आणण्यामागचं मूळ कारण हेच.

मशीन कसं शिकतं?

कॉम्प्युटरला एक्स-रे म्हणजे नुसता आकड्यांचा तक्ता. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा, किती काळा, किती पांढरा. डीप लर्निंगमध्ये काय करतात, तर या तक्त्यावरून छोटी छोटी चाळणी फिरवतात. समजा तीन बाय तीन ठिपक्यांची. एक चाळणी उभी कड पकडते, दुसरी आडवी, तिसरी गोलाई. त्यातून जे निघतं त्यावर पुन्हा चाळण्या. असे थरावर थर. पहिल्या थरांना कडा कळतात, पुढच्यांना आकार, त्याच्या पुढच्यांना ‘हा बरगडीसारखा पट्टा, हा ढगासारखा डाग’ असं काहीतरी.

गंमत म्हणजे या चाळण्या कुणी हातानं बनवत नाही. मशीनला एक्स-रे दाखवायचा, ते अंदाज करतं, उत्तर चुकलं की चाळण्यांमधले आकडे किंचित सरकवायचे. पुन्हा पुढचा एक्स-रे. हे लाखो वेळा. शेवटी असे आकडे स्थिरावतात की अंदाज बरेचदा बरोबर येतो.

म्हणजे लागतं काय? ढीगभर एक्स-रे, आणि प्रत्येकासोबत बरोबर उत्तर.

2017 मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेनं असा ढीग सगळ्यांसाठी खुला केला. 30,805 रुग्णांचे 1,12,120 एक्स-रे, आणि 14 प्रकारच्या दोषांची लेबलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टीमनं, त्यात प्रणव राजपुरकर आणि अँड्र्यू एंग होते, त्यावर 121 थरांचं एक मॉडेल शिकवलं. नाव चेक्सनेट. 420 एक्स-रे घेतले, चार रेडिओलॉजिस्टांना दिले आणि मॉडेललाही दिले. न्यूमोनिया ओळखण्यात मॉडेलचे गुण त्या चौघांच्या सरासरीपेक्षा जास्त आले.

झालं! बातम्याच बातम्या. त्याच्या आदल्याच वर्षी, 2016 मध्ये, जेफ्री हिंटन यांनी म्हटलं होतं की आता नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं थांबवायला हवं, कारण पाच वर्षांत मशीन त्यांच्यापुढे जाईल. हेच हिंटन, ज्यांना 2024 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पाच वर्षं कधीच उलटली. रेडिओलॉजिस्ट आहेत तिथेच आहेत, आणि कामाखाली दबलेत.

का बरं? कारण पुढच्या काही वर्षांत लोकांनी या मॉडेलांच्या पोटात डोकावून बघितलं.

कॉपी करून पास झालेला विद्यार्थी

पहिली गोष्ट लेबलांची. एनआयएचची ती लेबलं कुणी एक्स-रे पुन्हा बघून लावलेली नव्हती. जुने लेखी रिपोर्ट होते, ते दुसऱ्या एका सॉफ्टवेअरनं वाचून लेबलं काढली. म्हणजे उत्तरपत्रिकाच पूर्ण खात्रीची नाही. ल्यूक ओकडेन-रेनर नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या रेडिओलॉजिस्टनं स्वतः बसून ते एक्स-रे तपासले. त्याच्या लक्षात आलं की न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा शिरणं, या लेबलाच्या खूपशा एक्स-रेंमध्ये छातीत नळी आधीच घातलेली आहे. आता विचार करा. नळी म्हणजे उपचार. डॉक्टरांनी रोग आधीच ओळखून नळी बसवली, मग एक्स-रे काढला. मॉडेल शिकतंय काय? नळी दिसली की ‘न्यूमोथोरॅक्स’ म्हणायचं! ज्याला खरी गरज आहे, ज्याला अजून नळी बसलेलीच नाही, तोच सुटणार.

दुसरी गोष्ट 2018 ची. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाई हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी तीन ठिकाणचे एक्स-रे घेऊन न्यूमोनिया ओळखणारं मॉडेल तपासलं. माउंट सायनाईच्या डेटात न्यूमोनियाचं प्रमाण साधारण 34 टक्के, एनआयएचच्या डेटात एखादा टक्का. मॉडेलला हे कळलं! एक्स-रे कुठल्या हॉस्पिटलचा आहे हे ते 99 टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर सांगत होतं. कशावरून? एक्स-रे काढताना टेक्निशियन डावी-उजवी बाजू कळावी म्हणून धातूची खूण ठेवतात ना, तसल्या कोपऱ्यातल्या गोष्टींवरूनसुद्धा. म्हणजे फुप्फुस बघण्याआधीच अर्धं उत्तर तयार: ‘अच्छा, तिकडचा एक्स-रे आहे, तिकडे न्यूमोनिया जास्त असतो.’ मग नव्या ठिकाणी नेलं की मार्क घसरायचे.

आपल्या शाळेत असायचा ना एखादा, सरांच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर ओळखणारा! सर बदलले की नापास.

आणि तिसरी गोष्ट कोविडची. 2020 मध्ये जो तो एक्स-रेवरून कोविड ओळखणारं मॉडेल बनवत होता. केंब्रिजच्या संशोधकांनी 2021 मध्ये याचा आढावा घेतला. 2,212 अभ्यासांपासून सुरुवात केली, गाळत गाळत 62 उरले, आणि त्यातलं एकही दवाखान्यात वापरण्याच्या लायकीचं निघालं नाही. एक चूक तर ऐकूनच हसू येईल. काहींनी कोविडचे एक्स-रे घेतले मोठ्या माणसांचे, आणि ‘कोविड नाही’ म्हणून जे घेतले ते चीनमधल्या एका संग्रहातले, एक ते पाच वर्षांच्या लहान मुलांचे. मॉडेल शिकलं, मूल आहे की मोठा माणूस. मार्क मात्र नव्वदच्या वर.

या तिन्ही गोष्टींत मशीन खोटं बोलत नव्हतं हं. त्याला जे सांगितलं तेच त्यानं केलं: चुका कमी कर. त्यानं सोपा रस्ता शोधला. रोगाशी त्याला देणंघेणं नाही, आकड्याशी आहे.

मग हे सगळं फेकून द्यायचं का?

नाही! इथेच मला थोडं थांबायचंय, कारण नुसती टीका करून निघून जाणं सोपं आहे.

जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. 2019 ते 2021 मध्ये देशभर टीबीचं मोठं सर्वेक्षण झालं. घरोघरचे लोक बोलावून लक्षणं विचारली, आणि सोबत प्रत्येकाचा एक्स-रे काढला. त्यातून कळलं की नुसती लक्षणं विचारून थांबलो असतो, तर सापडलेल्यांपैकी 42.6 टक्के रुग्ण हातचे निसटले असते. म्हणजे खोकला नाही, ताप नाही, पण छातीत टीबी आहे. आणि ज्यांना लक्षणं होती, त्यातल्या जवळपास 64 टक्के लोकांनी कुठे दाखवलंच नव्हतं. आपल्या घरातलंच चित्र आहे हे. ‘होईल बरं, धुळीचा खोकला आहे.’

मग एवढ्या लोकांचे एक्स-रे काढायचे तर वाचणार कोण? इथे मशीन कामाला येतं. ढाक्यात तीन टीबी केंद्रांवर आलेल्या 23,954 लोकांचे एक्स-रे पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरला दाखवले, त्यात मुंबईच्या क्युअर डॉट एआयचं क्यूएक्सआरही होतं. प्रत्येकाची थुंकीची जनुकीय तपासणी झालेली होती, म्हणजे उत्तरपत्रिका पक्की. पाचही सॉफ्टवेअर तिथल्या रेडिओलॉजिस्टांपेक्षा सरस ठरली. हा अभ्यास 2021 मध्ये छापून आला. त्याच वर्षी मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की 15 वर्षं आणि त्यावरच्या वयाच्या लोकांमध्ये टीबीच्या प्राथमिक चाळणीसाठी असं सॉफ्टवेअर माणसाऐवजी वापरलं तरी चालेल. आपल्याकडेही आता हातात धरायचं छोटं एक्स-रे मशीन आणि असं सॉफ्टवेअर घेऊन गावोगावी शिबिरं होतात.

पण त्याच ढाक्याच्या अभ्यासात हेही दिसलं की साठीच्या पुढच्या लोकांमध्ये आणि ज्यांना आधी टीबी होऊन गेलाय त्यांच्यामध्ये सॉफ्टवेअरची कामगिरी घसरते. जुन्या टीबीचे व्रण राहतात, ते बघून मशीन गोंधळतं.

आणि शब्द नीट ऐका: प्राथमिक चाळणी. निदान नव्हे.

जरा गणित करू, घाबरू नका

चाळणीच्या तपासणीकडून जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा अशी: टीबी असलेल्या 100 जणांतले 90 तरी पकडावेत, आणि टीबी नसलेल्या 100 जणांतल्या 70 जणांना तरी ‘ठीक आहे’ म्हणून सोडावं.

समजा शिबिराला 1,000 लोक आले आणि त्यातल्या 10 जणांना टीबी आहे. मशीन 9 पकडेल. उरलेल्या 990 मधल्या 693 जणांना बरोबर सोडेल, पण 297 जणांना उगाच ‘संशयित’ म्हणेल. एकूण संशयित 306, खरे 9. म्हणून मशीननं ‘संशयित’ म्हटलं की लगेच रडारड करायची नाही. थुंकी तपासायची. सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर. ट्रूनॅट तर आपल्या गोव्यातल्या कंपनीचं मशीन आहे. फायदा काय झाला? 1,000 ऐवजी 306 जणांचीच थुंकी तपासावी लागली.

आता दुसरी बाजू. ‘ठीक आहे’ म्हणून सोडलेल्या 694 जणांत एक टीबीवाला निसटला. शिबिरासाठी हे चालून जातं.

पण आपल्या मित्राचे वडील शिबिरात सहज आलेले नाहीत. त्यांना तीन आठवडे खोकला आहे. समजा अशा लक्षणांच्या 1,000 लोकांमध्ये 100 जणांना टीबी आहे. मशीन 90 पकडेल, 10 निसटतील. मशीन तेच, उत्तर तेच, ‘ठीक आहे’. पण त्या ‘ठीक आहे’चं वजन दसपटीनं कमी झालं. कारण समोरचा माणूस बदलला.

आणि हे सगळं तपासलेल्या सॉफ्टवेअरचं गणित. खिडकीत धरलेल्या फिल्मच्या फोटोचं नाही! डिजिटल एक्स-रेच्या मूळ फाइलमध्ये काळ्या-पांढऱ्याच्या हजारो छटा असतात. मोबाईलच्या साध्या फोटोत 256. त्यात खिडकीची चमक, बोटाची सावली, तिरका कोन, आणि व्हॉट्सॲपवरून पाठवला असेल तर आणखी दाबलेला. डॉक्टर ज्या पुसट ढगावरून रोग ओळखतात, तो ढगच फोटोत उरत नाही. मशीन ज्या एक्स-रेंवर शिकलं, त्यात खिडकीचे गज नव्हते.

अजून एक. ॲप कधी ‘मला कळत नाही’ म्हणालं का? बहुतेक ॲपं म्हणत नाहीत. मांजराचा फोटो टाकला तरी काहीतरी टक्केवारी देऊन मोकळी होतील. ती टक्केवारी म्हणजे मशीनचा आतला गुण, तुमच्या वडिलांना रोग असण्याची शक्यता नव्हे. आणि त्या गुणाची रेघ कुठे ओढायची, 50 वर की 30 वर, हे कुठल्यातरी माणसानं ठरवलेलं असतं. रेघ वर नेली की निसटणारे वाढतात, खाली आणली की उगाच घाबरणारे वाढतात. सरकारी कार्यक्रमात ही रेघ विचार करून, स्थानिक आकडे बघून ठरवता येते. फुकटच्या ॲपमध्ये ती कुणी, कुणासाठी ठरवली, हे तुम्हाला कोण सांगणार?

तर उत्तर काय?

मी त्याला जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री घाम, थुंकीतून रक्त. यातलं काहीही असेल तर एक्स-रे काहीही म्हणो, ॲप काहीही म्हणो, थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते, टीबी निघाला तर औषधंही फुकट. गावात आशाताईंना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं. नाहीतर निक्षय हेल्पलाइन 1800-11-6666.

दवाखान्यात एखादं सॉफ्टवेअर एक्स-रे वाचत असेल तर नाही म्हणू नका. ते थकत नाही, संध्याकाळी सहा वाजता शंभरावा एक्स-रेही पहिल्यासारखाच बघतो. फक्त विचारा, “यानंतर डॉक्टर बघणार ना?” आणि ‘संशयित’ आलं तर पुढची तपासणी टाळू नका.

आणि इंजिनिअरिंगला असाल, प्रोजेक्टसाठी ते एक्स-रे डाउनलोड करून 95 टक्के अचूकता काढली असेल, तर अभिनंदन, पण एक काम करा. दुसऱ्या हॉस्पिटलचे एक्स-रे घेऊन तेच मॉडेल चालवा. एकाच रुग्णाचे एक्स-रे शिकवण्यात आणि परीक्षेत दोन्हीकडे गेलेत का, तेही बघा. मार्क पडले तर वाईट वाटून घेऊ नका. तिथूनच खरा प्रोजेक्ट सुरू होतो.

त्या मित्रानं वडिलांना सोमवारी नेलं. ते यायला तयार नव्हते, गिरणी कोण बघणार म्हणून. शेवटी तो म्हणाला, “बाबा, मशीन चुकलं तर मशीनला काही होणार नाही.” मग आले. थुंकी दिली आहे. आज मी हे रेकॉर्ड करतोय तेव्हा रिपोर्ट यायचा आहे.

तुमच्या घरात कुणी खोकत असेल, तर हा भाग त्यांना ऐकवा. किंवा ऐकवू नका, सरळ घेऊन जा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.

(ब्लॉगवर टाकताना जोडलेली ओळ: रिपोर्ट आला. टीबी आहे, नेहमीच्या औषधांना दाद देणारा. गोळ्या सुरू झाल्यात, सहा महिन्यांचा कोर्स आहे. घरातल्या सगळ्यांचीही तपासणी झाली. गिरणी सध्या धाकटा भाऊ बघतोय.)